चंद्राचा ससा आणि मागली पडवी

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्यांच्याबरोबर मुंबईहून काय काय येतं, हे कोकणातल्या बायकांना सांगायला नको. मागच्या खेपेला आमच्या मिठबावच्या घरी आली ती चक्क एक जपानी मुलगी! म्हणजे माझ्या जावेच्या मुलांच्या मोबाईलमधली, 'सेलर मून'. दुपारभर पोरं त्या चित्रांना चिकटलेली. साठं वाळत घालता घालता मी कुरकुरत होते. शेवटी म्हटलं, बघू तरी एवढं काय आहे ते.

नाओको ताकेउची या चित्रकर्तीने १९९१च्या अखेरीस ही चित्रकथा सुरू केली. १९९२पासून १९९७पर्यंत जपानी दूरचित्रवाणीवर तिचे २०० भाग झाले. नायिकेचं नाव उसागी त्सुकिनो. उलगडलं तर अर्थ होतो 'चंद्राचा ससा'. आपण चंद्राला शशांक म्हणतो ना, तोच हा ससा! १४ वर्षांची ही पोर शाळेत उशिरा जाते, परीक्षेत आपटते आणि जरा काही झालं की भोकाड पसरते. एक बोलणारी काळी मांजर तिला जादूचा ब्रोच देते आणि तिने अंधाराच्या राज्याशी लढायचं! आता अशी कुठे नायिका असते? दशावतारात काळाकुट्ट संकासूर लाल जीभ लोंबवत आला की पुढ्यातली पोरं आयांच्या पदराआड लपतात. उसागी त्या पदराआडच्यांतलीच.

म्हणूनच आमच्या धाकटीला ती पटली असावी. सासूबाई गेल्यापासून ही दहा वर्षांची पोर तिन्हीसांजेनंतर मागल्या पडवीत पाऊल टाकेना. त्यांची बाज तिथेच होती ना! "एवढी घोडी झालीस, रडतेस काय?" हे मी दिवसातून दोनदा तरी म्हणत असे.

पहिल्या पर्वाचा शेवट मात्र सांगायलाच हवा. उत्तर ध्रुवावरच्या बर्फात चारही मैत्रिणी एकेक करून प्राणाला मुकतात. उसागी एकटी उरते. रडू काही थांबत नाही, पण पायही थांबत नाहीत. अगदी शेवटच्या क्षणी तिच्या हातातल्या दंडावर त्या गेलेल्या मैत्रिणींचे हात येऊन टेकतात. आणि एवढं लढून ती मागते काय? साधे, रोजचे दिवस! सकाळी अंथरुणात जागी होते तेव्हा शाळेला उशीर झालेला असतो आणि आपण काय केलं ते तिचं तिलाच आठवत नाही. (वाचता वाचता कोण कोण गालात हसलं, ते दिसतंय हं मला!)

आषाढात एका रात्री वारा सुटला नि वीज गेली. मेणबत्त्या मागल्या पडवीतल्या फडताळात. मी उठणार, तोच धाकटी बॅटरी घेऊन उभी.

"आये, मिया हाडतंय."

डोळे आधीच भरलेले. 'रडू नको' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते, गिळले. ती गेली आणि माजघरातून तिचा मोठ्याने रडण्याचा आवाज ऐकू येत राहिला, पार पडवीपर्यंत. मग फडताळाचं दार वाजलं.

नाक ओढत परत आली, हातात मेणबत्त्या.

"आजयेची बाज भिजता हा," म्हणाली. "उद्या भितर घेवया."