तुटक्या बादलीचा फुटबॉल

मैत्रिणींनो, २०२२ चा ‘झुंड’ तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यातल्या अमिताभच्या भूमिकेमागचे खरे सर म्हणजे नागपूरचे विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. खेळ चालू असेतो पोरं व्यसनापासून लांब राहतात, हे त्यांनी हेरलं आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं. निवृत्तीचा पैसाही जागेत घातला. (आपल्याकडे त्यात घरावर मजला चढतो!)

मला मात्र अखिलेश पॉल जास्त भिडतो. वाईट मार्गाला लागलेला हा पोरगा २०१० मध्ये रिओला, बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. पुढे स्वतःच प्रशिक्षक झाला.

या संस्थेत मुलीही खेळतात. आमच्या अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत आया म्हणतात, "पोट्टा जाऊ द्या, पोरीले कायले बॉल पायजे?" खरी अडचण वेगळीच. संध्याकाळी नळ येतो तेव्हा पाणी पोरीच भरतात. सध्या दोन घरांत भाऊ गुंड उचलतात, म्हणून दोघी मैदानावर येतात.