रिकाम्या बोल्टवर विसंबू नये

ऑगस्टअखेरची संध्याकाळ. कोंग्सबर्गच्या रेंजवर लाकडी टेबलावर तीन रायफली आडव्या ठेवल्या आहेत. तिन्ही नळ्या समोरच्या मातीच्या बांधाकडे, तिन्ही बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारे सरकते दांडे, उघडे. शेजारचे आजोबा प्रत्येक चेंबरमध्ये करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री करतात, मग मलाही करायला लावतात. महिन्याभरात मूसच्या शिकारीचा हंगाम सुरू होईल. नॉर्वेत मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. १०० मीटरवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. त्याआधी ३० गोळ्यांचा सराव सक्तीचा. मला यंदा आपली रायफल घ्यायची होती, आणि आजोबांचं म्हणणं होतं की आधी बोल्ट हाताला कळू दे.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं शिरोलीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. एखादी मशीन लोण्यासारखी चालते असं कुणी सांगितलं की ते म्हणायचे, "रिकामी नको फिरवूस, कट घेऊन दाखव." ते वाक्य त्या संध्याकाळी मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

पहिली फेरी रिकाम्या बोल्टची. क्राग-यॉर्गेन्सेन ही कोंग्सबर्गमध्येच जन्मलेली रायफल, नॉर्वेच्या सैन्यात १८९४ साली आली. आजोबांची तिथूनच निघालेली, पुढे शिकारीसाठी दस्ता बदललेली. दोन बोटांनी बोल्टची मूठ उचलली, नळी आभाळाकडे केली, आणि बोल्ट आपल्याच वजनाने सरसर मागे आला. कुठे घासल्याचा आवाज नाही, अडखळणं नाही. दुसरी १८९८ च्या माउझर रचनेची, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्यामागे नॉर्वेत राहिलेल्यांपैकी एक. तिची मूठ उचलताना मनगटाला जोर पडला, आणि पूर्ण मागे ओढलेला बोल्ट चक्क खुळखुळला. तिसरी फिनलंडमध्ये, रीहीमॅकीच्या साको कारखान्यात बनलेली टिक्का टी-३. तिचा बोल्ट गोल, जाड आणि नेमका बसलेला. काचेवरून काच सरकावी तसा गेला.

तिन्ही रायफलींत मूठ उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. माउझरमध्ये त्यासाठी मूठ साधारण ९० अंश फिरवावी लागते, टिक्कात ७० अंश. वळण आखूड असलं की दुर्बिणीला हात लागत नाही, पण तेवढंच काम थोड्या अंतरात उरकायचं म्हणून जोर जास्त हवा. मूठ हलकी करण्यासाठी स्प्रिंग मऊ केली तर पिनचा ठोका कमजोर होण्याची भीती. त्यामुळे उचलण्यातला जडपणा हा दोषच असतो असं नाही. एकसारखा वाढत जाणारा जोर हाताला सवयीचा होतो. मध्येच बसणारा हिसका मात्र कधीच अंगवळणी पडत नाही.

दुसरी फेरी मुद्दाम वाकडी. मूठ बोल्टच्या उजव्या बाजूला असते, म्हणजे हात कधीच मधोमध ढकलत नाही. लाकडी कपाटाचा खण एकाच कडेला धरून ओढला की तिरपा होऊन अडकतो, तेच इथे घडतं. आजोबांनी मला फक्त अंगठ्याने, वरच्या बाजूला दाब देत बोल्ट पुढे न्यायला सांगितलं. माउझर अर्ध्यावर अडली. टिक्का किंचित दबली, पण गेली. क्रागला काही फरकच पडला नाही. तिच्या बोल्टवर एक लांब कणा आहे आणि तो आपल्या वाटेवरून बोल्टला हलू देत नाही.

पण माउझरचा तो सैलपणा कारागिराच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. चिखल, वाळू, बर्फ आत गेलं तरी बोल्ट चालावा म्हणून ती जागा सोडलेली असते. बोल्ट पुढे जाऊन त्याच्या टोकाचे लग, म्हणजे खाचेत फिरून अडकणारे पोलादी कान, बसले की खुळखुळ संपते.

तिसऱ्या फेरीत सरावाची खोटी काडतुसं भरली, आणि पहिल्या फेरीचा क्रम मोडला. टिक्काचा बोल्ट काडतूस पुढे ढकलत नेतो. शेवटच्या टप्प्यात त्याचा आकडा काडतुसाच्या कडेवर चढतो आणि रिकामं टरफल उडवणारी छोटी स्प्रिंगही त्याच वेळी दबते. रिकामी असताना काचेसारखी वाटलेली मूठ इथे थोडी रेटून खाली न्यावी लागली. माउझरचा लांब पंजा मात्र मॅगझिनमधून वर आलेल्या काडतुसाची कड सुरुवातीलाच पकडतो. पुढचा सगळा प्रवास पकडीतला, म्हणून शेवटी झटका नाही. मघाशी खुळखुळणारी रायफल आता सगळ्यांत शहाणी वाटली.

क्रागची पाच काडतुसं उजव्या बाजूचं झाकण उघडून सुटी भरायची. याचीच किंमत अमेरिकी सैन्याने १८९८ साली क्युबात मोजली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात क्राग होत्या आणि समोरच्या स्पॅनिश सैनिकांकडे क्लिपने एका दमात पाच काडतुसं भरणाऱ्या माउझर. शिवाय क्रागच्या बोल्टला पुढे एकच लग असल्याने जास्त दाबाच्या काडतुसांना मर्यादा येते. काही वर्षांतच अमेरिकेने माउझरच्या वळणाची नवी रायफल घेतली. इतका देखणा चालणारा बोल्टही त्या रायफलीला वाचवू शकला नाही.

शेवटची फेरी खांद्यावरची. मी क्राग घेतली. पहिली गोळी वर्तुळात बसली. गाल दस्त्यावरून न उचलता मूठ वर, मागे, पुढे, खाली. चाप ओढला आणि नुसता "टक" आवाज आला. बोल्ट इतका सहज सरकला की माझा हात शेवटापर्यंत गेलाच नाही. रिकामं टरफल बाहेर न पडता परत आत बसलं होतं. चूक पूर्णपणे माझ्या हाताची होती.

आजोबा हसले नाहीत. "रानात या क्षणी जनावर जखमी होऊन उभं असेल," ते म्हणाले. "दुसरी गोळी तुझ्यासाठी नसते, त्याच्यासाठी असते. त्याचं दुखणं लांबवू नकोस." मग त्यांनी मला बोल्ट मागच्या अडणीवर आदळेपर्यंत ओढायला लावला. प्रत्येक वेळी, न चुकता, वीस वेळा. विसाव्या खेपेला आवाज त्यांच्या हातासारखा आला.

बोल्ट गुळगुळीत हवा तो ऐट म्हणून नव्हे. नजर निशाण्यावरून आणि गाल दस्त्यावरून ढळू नये, हाताने काय केलं हे मनाला विचारावं लागू नये, यासाठी तो हवा असतो. ते दुकानात रिकामी मूठ फिरवून कळत नाही. काडतूस भरलेलं हवं, रायफल खांद्याला हवी आणि हाताला घाई हवी.

निघण्याआधी आजोबांनी क्रागचा बोल्ट बाहेर काढून पुसला. तेलाचा एकच थेंब लावला. जास्त झालं तर हिवाळ्यात थिजतं. कण्याच्या कडेवर एक सरळ चकचकीत रेघ उमटली होती, टोकापासून टोकापर्यंत एकाच रुंदीची. लेथच्या स्लाइडवर निळा रंग लावून कुठे टेकतंय हे वडील तपासत, तेव्हा त्यांना हवा असायचा तो असाच अखंड पट्टा. आजोबांच्या चाळीस हंगामांत हा बोल्ट प्रत्येक वेळी पूर्ण मागे गेला होता, हे त्या रेघेवरून वाचता येत होतं.

मी माउझरच्या वळणाची रायफल घेणार आहे. आणि सरावाच्या तीस गोळ्या पुन्हा पहिलीपासून मोजणार आहे.