डोंगर कुणी पेटवला?

फेब्रुवारी लागला की सातारा, पुणे, कोल्हापूरच्या डोंगरांत आणि खाली कोकणात वणव्यांच्या बातम्या सुरू होतात. बातमीत एक वाक्य हमखास असतं, 'आगीचं कारण समजू शकलेलं नाही.' ज्या गावाच्या डोक्यावर डोंगर पेटलेला असतो त्या गावाला ते बहुतेक वेळा ठाऊक असतं. पंचनाम्यात सांगत कुणी नाही, एवढंच. आणि काडी ओढणाऱ्याच्या मनात दरवेळी दुष्टावाच असतो असंही नाही. पुष्कळदा तो वाडवडिलांकडून आलेल्या एखाद्या समजुतीवर विसंबलेला असतो.

'ऊनच एवढं, डोंगर आपोआप पेटतो'

सुकलेलं पान पेटायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. एप्रिलच्या भर दुपारी कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, तरी तो कातळ साठ-सत्तर अंशांच्या घरातच असतो. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे, पण आपल्याकडच्या आगींचा उलगडा तिच्याने होत नाही. वीज पडून आग लागते हे खरं, कॅनडात तर सर्रास लागते. आपल्याकडे मात्र वीज येते ती वळवाच्या सरींबरोबर, आणि वणव्यांचा जोर असतो त्याआधी, मार्चच्या सुमारास. देशातले जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, याबद्दल वनखातं आणि अभ्यासक यांच्यात दुमत नाही.

उन्हाचं काम वेगळं. ते सरपण तयार ठेवतं. डोंगरावरचं गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं, विदर्भातल्या पानझडी रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाल्याचा थर साचतो. महाराष्ट्रात वनखात्याचा आगीचा हंगाम म्हणूनच १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. अशा वर्षी तीच एक विडी जास्त महागात पडते.

'गवत जाळलं की पुढच्या साली दुप्पट येतं'

सह्याद्रीच्या पट्ट्यात सर्वांत चिवट समजूत ही, आणि तिला डोळ्यांनी पाहिलेला आधारही आहे. काळ्या पडलेल्या उतारावर थोड्याच दिवसांत कोवळे हिरवे कोंब दिसतात, गुरं तिकडे धावतात. हे कोंब राखेमुळे येत नाहीत. मुळांनी साठवून ठेवलेल्या अन्नावर गवत पुन्हा फुटतं आणि वरचं वाळकं छप्पर गेल्यामुळे ते लगेच नजरेला पडतं. गवत वाढलेलं नसतं, लवकर दिसलेलं असतं.

राखेचं काय होतं? गवतातलं बहुतेक नत्र धुराबरोबर हवेत जातं. पालाश आणि चुना राखेत उरतो, पण उघड्या उतारावर जूनचा पहिला मोठा पाऊस कोसळला की ती राख वरच्या मातीसकट ओढ्यात जाते. वर्षानुवर्षं असं जाळत राहिलं की गवताची जातही बदलत जाते. गुरांना आवडणारी पवना, मारवेल यांसारखी गवतं मागे हटतात आणि आग सोसणारी कुसळी पुढे सरकते. कुसळीची टोकं मेंढ्यांच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात रुततात, हे धनगरांना कुणी सांगायला नको.

पूर्वी एवढं गवत डोंगरावर उभं राहतच नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. शाकारणीला, गुरांना, पावसाळ्याच्या बेगमीला ते कापून खाली यायचं. आता घरांवर पत्रे आले, दावणीची गुरं कमी झाली, तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली. न कापलेलं गवत म्हणजे वाऱ्याची वाट पाहणारी आग. ज्या गावात अजून नोव्हेंबरात गवत कापून भारे बांधले जातात, तिथे मार्चमध्ये पेटायलाच फारसं काही उरत नाही. माझ्या मते वणव्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज विळा हाच आहे.

'राब भाजल्याशिवाय भात नाही'

कोकणात आणि मावळपट्ट्यात भाताच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा, कवळ, गवत आणि वर माती असे थर देऊन राब भाजतात. त्याने तणाचं बी मरतं हे खरंच. म्हणून राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. वर माती टाकलेला, संध्याकाळी वारा पडल्यावर भाजलेला आणि विझेपर्यंत राखलेला राब कुणाच्या बागेत शिरत नाही. शिरतो तो दुपारी पेटवून जेवायला घरी गेलेल्याचा. कोकणात दुपारी खारे वारे जोर धरतात आणि ठिणगी बांध ओलांडून शेजारच्या आंबा-काजूच्या बागेत जाते, तीही नेमकी मोहोर आणि फळ धरण्याच्या दिवसांत. जळलेलं कलम पुन्हा उत्पन्नाला यायला वर्षं जातात.

बाकी भाजणीवाचून भात होतो. गादीवाफ्यावर रोपं करता येतात. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी यांना फाटाच दिलेला आहे. कायमच्या गादीवाफ्यांवर बी थेट टोकतात.

'आदिवासीच जंगल जाळतात'

विदर्भातल्या आगींचा विषय निघाला की शहरी माणूस हे वाक्य फेकतो. त्यातली वस्तुस्थिती एवढीच आहे: मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, वाळक्या पाल्यात ती वेचणं जिकिरीचं असतं, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तो वेळेवर विझवला नाही की रान धरतो. तेंदूच्या झुडपांना नवी पालवी यावी म्हणूनही आग घालतात, कारण पानांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा आणि वर्षाची रोकड त्यावर. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली की मोहासाठी आगीची गरज उरत नाही, आणि तेंदूला छाटणीनेही पालवी येते.

दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने तेंदूपान तोडायचंच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी फांद्या तुटतात आणि आगी लागतात. पोटासाठी त्यांनी बांबूचा व्यवसाय उभा केला. मालकी हाती आल्यावर हातातल्या पैशावर पाणी सोडणारे हेही आदिवासीच.

'झाडं तर हिरवीच राहतात'

मोठी झाडं तगतात, म्हणून नुकसान दिसत नाही. आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत पळते. त्यात जातं ते उद्याचं रान: रुजलेली रोपं, पडलेलं बी, तित्तर-लाव्यांची जमिनीवरची अंडी, सरडे, कासवं. बुंध्याच्या सालीखालचा जिवंत थर साठ अंशांच्या पुढे तग धरत नाही. तो गोलाकार भाजला गेला की झाड हळूहळू वाळत जातं आणि दोष दुष्काळाला जातो.

'वनखातं स्वतःच जाळतं की!'

जाळतं. हंगाम सुरू होण्याआधी ठरलेल्या पट्ट्यातलं गवत जाळून जाळरेषा काढतात, म्हणजे पुढे आग आली तर तिला तिथे खायला काही मिळू नये. यात लपवण्यासारखं काही नाही. तक्रार करायचीच तर जाळरेषा वेळेत काढली नाही अशी करावी.

'उपग्रहावर सगळं दिसतं'

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीचे इशारे देते, नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर संदेशही येतो. मात्र यातले नेमकी जागा दाखवणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. चार वाजता लागलेली आणि सातला विझलेली गवताची आग त्यांच्या हिशेबात येईलच असं नाही. माळावरच्या गुराख्याला ती पहिल्या पाच मिनिटांत दिसते.

'आग दिसली की वर पळावं'

हे जिवावर बेतणारं आहे. उतार दर दहा अंशांनी चढा झाला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि माणूस चढावर दमतो. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, गवताच्या वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर दगावले. आग खालून येत असेल तर बाजूला सरकावं. आधीच जळून काळी पडलेली जमीन, उघडा कातळ किंवा नांगरलेलं रान गाठावं. ओल्या फांद्यांनी आग झोडपायची ती कडेने, ज्वाळांच्या समोर उभं राहून नव्हे, आणि एकट्याने तर मुळीच नाही.

राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. त्याच कायद्याने जंगलात हक्क असलेल्या माणसांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला हात लावण्याचीही जबाबदारी टाकली आहे. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६. फोन करताना गावाचं नाव, डोंगराचं किंवा शिवाराचं स्थानिक नाव आणि वारा कुठल्या दिशेने आहे एवढं सांगा. फोटो नंतर काढा.