सूर्य विझेल तेव्हा

अल बर्शातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून आकाश बघणे म्हणजे हौसेची परीक्षाच असते. एकीकडे शेख झायेद रस्त्याचे दिवे, दुसरीकडे मॉलचा झगमगाट आणि वर धुळीचा पिवळट पडदा. तरीही ऑक्टोबरमधल्या एका रात्री ओळखीच्या घरांतल्या चार मुलांना जमवून मी सहा इंची दुर्बीण मांडली. तिला एक हिरवट फिल्टर लावला आणि अभिजित ताऱ्याजवळची, स्वरमंडळातली वलयाकार अभ्रिका त्यांना दाखवली. धुराचे कडे असावे तसे करड्या रंगाचे इवलेसे कडे. एकाने विचारले, "काका, आपल्या सूर्याचाही असाच स्फोट होणार ना?" "स्फोट नाही रे," एवढे म्हणून मी थांबलो. पुढचे उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते, ते इथे सांगतो.

आधी नावाचा घोळ. इंग्रजीत ह्यांना 'प्लॅनेटरी नेब्युला' म्हणतात. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलला १७८० च्या दशकात दुर्बिणीतून अशी फिकट, गोल बिंबे दिसली. ती ग्रहाच्या बिंबासारखी वाटली, म्हणून हे नाव. ग्रहांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मराठीतला 'बिंबाभ्रिका' हा शब्द मला त्यापेक्षा बरा वाटतो; तो दिसते तेवढेच सांगतो.

स्फोट होतो तो सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून जड ताऱ्यांचा. सूर्याची गोष्ट निराळी. तो दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो, आणि हे गेली ४६० कोटी वर्षे बिनबोभाट चालले आहे. गाभा जरा जास्त तापला की फुगतो, फुगला की निवतो, निवला की आच आपोआप मंदावते. इतकी वर्षे न बिघडणारी नियंत्रण-प्रणाली आम्हा इंजिनियरांना स्वप्नातही बांधता येणार नाही.

आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल. तिथे उरेल हेलियमची राख. ती स्वतःच्याच भाराखाली आकसत तापेल, तिच्याभोवतीच्या थरातला हायड्रोजन पेटेल, आणि बाहेरचे आवरण फुगून सूर्य तांबडा राक्षसी तारा होईल. पुढे ती राखही पेटते आणि तिचे कार्बन व ऑक्सिजन होतात. मग ह्या नव्या गाभ्याभोवती हेलियमचा एक आणि हायड्रोजनचा एक असे दोन पातळ थर आळीपाळीने जळू लागतात, आणि इथे ते नियंत्रण हातचे जाते. पातळ थर फुगला तरी त्याच्यावरचा दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे तो निवण्याऐवजी भडकतो. तारा धापा टाकू लागतो. त्याच्या विस्तारलेल्या, थंडावलेल्या आवरणात धूळकण जमतात. ताऱ्याचा प्रकाश ह्या कणांना बाहेर ढकलतो आणि कण वायूला सोबत ओढून नेतात. वेग सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर. ताऱ्यांच्या हिशेबात ही झुळूकच. पण राक्षसी अवस्थेतल्या अशा झुळकींतच सूर्य आपले जवळजवळ निम्मे वस्तुमान गमावून बसेल.

आवरण गेले की गाभा उघडा पडतो. त्याचे तापमान ३० हजार अंशांपुढे गेले की त्याचे अतिनील किरण भोवतीच्या वायूला प्रकाशमान करतात. शिवाय त्याच्यापासून सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाचा विरळ वारा सुटतो. तो आधीच्या संथ वायूवर आदळून त्याला कवचासारखा दाबतो. वलय असे घडते, हे सन क्वॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडले. (खगोलशास्त्रज्ञाचे नाव 'सन' असावे, हा योग!) हे सगळे दिसते जेमतेम दहा-वीस हजार वर्षे. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या आयुष्यातला तासभर म्हणा ना.

हा वायू आहे हे कळले कसे? २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्सने लंडनमध्ये एका बिंबाभ्रिकेचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा नव्हता. मोजक्याच तेजस्वी रेषा होत्या आणि मुख्य रेषा हिरवी. म्हणजे हा विरळ, तप्त वायू.

चारच वर्षांनी ही विद्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात पोचली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला तिथे वर्णपटदर्शक घेऊन उभा होता लेफ्टनंट जॉन हर्शेल, बिंबाभ्रिकांचे बारसे करणाऱ्या विल्यमचा सख्खा नातू! सर्वेक्षण खात्यातला हा अधिकारी दक्षिण आकाशातल्या अभ्रिकांचे वर्णपटही भारतातूनच तपासत होता. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या ज्वाळांत तांबडी, नारिंगी आणि निळी अशा रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्याने सोडियमची समजली. ती होती हेलियमची, सूर्याच्या गाभ्यात राख होऊन साठणाऱ्या त्याच हेलियमची. (लॉकियरने हेलियम विजयदुर्गावरून शोधला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. १८६८ साली तो इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गाला आला तो १८९८ च्या ग्रहणाला. अभिमानासाठी जमखंडी पुरेशी आहे.)

हगिन्सची हिरवी रेषा मात्र कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. 'नेब्युलियम' नावाचे नवे द्रव्यही कल्पून झाले. १९२७ साली आयरा बोवेनने कोडे सोडवले. तो साधा ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. उत्तेजित झाल्यावर हा प्रकाश सोडायला त्याला सरासरी अर्धा मिनिट निवांत मिळावा लागतो. पृथ्वीवरच्या हवेत त्याआधीच असंख्य टकरी होतात. अभ्रिकेत घनसेंटिमीटरला काही हजार कणच असल्याने त्याला कोणी धक्का देत नाही. अभ्रिकेचा बराचसा दृश्य प्रकाश ह्या एका रंगात एकवटलेला असतो, म्हणूनच माझा फिल्टर बाकीचे रंग अडवून अल बर्शाच्या दिव्यांतूनही ते कडे वेगळे काढू शकला.

आपल्या सूर्याचे असे कडे दिसेल का? तो त्यासाठी हलका पडेल, असे बरीच वर्षे मानले जाई. उरलेला गाभा तापायला इतका वेळ लावेल की तोवर वायू पांगून जाईल. २०१८ साली गेसिकी, झिलस्ट्रा आणि मिलर बेर्तोलामी ह्यांनी नव्या गणिताने दाखवले की गाभा वाटले होते त्यापेक्षा बराच लवकर तापतो. त्यामुळे सूर्याची बिंबाभ्रिका होईल, पण अगदी अंधूक. कोणा दुसऱ्या सूर्याच्या ग्रहावर कोणी गच्चीत सहा इंची दुर्बीण लावून बसले, तर फिल्टर लावूनही ती सापडणे कठीणच.