सहा नंबरचा दिवस

पहाटे ५.१५
कोल्हापूर, शिवाजी पेठ. उठल्या उठल्या तो उजव्या घोट्यावर भार टाकून बघतो. मागच्या सामन्यात तिथं स्टड लागला होता. सूज उतरलीय. वय सव्वीस. तालमीच्या फुटबॉल संघात हाफ, मधल्या फळीत. जर्सी सहा नंबरची. पेठेत पोरं त्याला त्याच नंबरानं हाक मारतात.

५.४५
गांधी मैदान. आज सामना आहे, म्हणून सराव हलका. दोन फेऱ्या, स्ट्रेचिंग, मग रिंगण करून एका टचचे पास. जमीन उंचसखल, चेंडू कुठं उसळेल सांगता येत नाही. इथं वाढलेल्या पोरांचा पहिला टच पक्का होतो तो यामुळंच, असं माझं ठाम मत आहे. याच शहरातला, याच्याच बरोबरीचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. सहा नंबरनंही त्या वयात निवड चाचणी दिली होती. "नाही झालं," म्हणतो आणि बुटाची नाडी आवळतो.

६.५०
गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. एक ग्लास, उभ्या उभ्या.

८.००
शिवाजी उद्यमनगर. लेथवर पंपाचे शाफ्ट लागलेत. चकमध्ये जॉब बांधायचा, टूल लावायचं, कट घ्यायचा, मायक्रोमीटरनं माप बघायचं. कुलंटनं बोटं चिकट होतात. लोखंडाचा गरम कीस मनगटावर उडतो. सगळं काम उभ्यानं. सामन्याच्या दिवशी तो मधूनमधून एकेक पाय मोकळा करून घेतो. दिवसाचे सहाशे रुपये, अर्ध्या दिवसाचे तीनशे. मालक पेठेतलेच. सुट्टी देतात, पगार कापतात.

"किती झाले रे?"

"बावीस, मामा."

"जा बाराला. पण उद्या आठला मशिनवर पाहिजेस."

१२.३०
भाकरी, मुगाची आमटी, भात. आईनं आज तिखट हात आखडून घातलंय. जेवण झाल्यावर तो बॅग भरतो. स्टॉकिंग, शिनगार्ड, क्रेप बँडेज. डाव्या बुटाचा सोल सुटला होता. पापाच्या तिकटीला ऐंशी रुपयांत शिवून आणलाय. नवा जोड तीन हजारांच्या पुढं जातो.

२.४५
तालमीत मारुतीला हात जोडून सगळे बसतात. कोच थोडक्यात सांगतात, "त्यांचा दहा नंबर तुझा. बॉल कुठं पण असू दे."

४.००
शाहू स्टेडियम. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगचा सामना, गॅलरी भरलेली, दोन्ही पेठांच्या मध्ये पोलीस. गॅलरीची नजर चेंडूवर. मी मात्र याच्यावरची नजर हलवायची नाही असं ठरवलंय.

चेंडू आपल्या बॅककडं असतानाच याची मान दोनदा मागं वळते, डावीकडून आणि उजवीकडून. पाठीवर कोण आहे, मोकळी जागा कुठं आहे, ते चेंडू येण्याआधीच त्यानं बघून घेतलेलं असतं. चेंडू येतो तेव्हा अंग अर्धं वळलेलं असतं. उजव्यानं घेतो, डाव्यानं विंगला देतो. दोन टच. समोरचे तिघं चुकीच्या बाजूला राहतात.

मग चेंडू नसतानाचं काम. बॅक वर चढला की त्याची जागा हा धरतो. तो परतला की पुन्हा मध्ये. दहा नंबर पाणी प्यायला कडेला गेला तरी हा दहा पावलांवर उभा. मोठ्या लीगमधला मिडफिल्डर एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतो आणि तिथं ते मोजायला यंत्रं असतात. इथं कुणी मोजत नाही. मध्यंतरात त्याच्या जर्सीवर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे दिसतात.

५.२०
दहा नंबर एकदाच सुटतो. हा मागून येत नाही, कडेनं येतो, घसरतो आणि चेंडू तेवढा काढतो. मांडी सोलवटून निघते. पाणी मारतो, उठतो. पुढच्याच चालीत याचा पास विंगला, विंगचा क्रॉस, फॉरवर्डचं हेडर. गोल! फॉरवर्डच्या अंगावर सगळा संघ पडलाय. हा मात्र मधल्या रेषेपाशी परत आलाय आणि बॅकना ओरडतोय, "खाली या, खाली!" गोलाइतकीच ही हाक मला मोलाची वाटते. तेवढ्या एका गोलावर सामना निघतो.

रात्री ८.००
तालीम. मांडीला हळद लावलीय, पँट चिकटते म्हणून तो एका बाजूला कलून बसलाय. सीझनचं मानधन चाळीस हजार, तीन हप्त्यांत. खजिनदार दुसरा हप्ता काढतात, बारा हजार. वहीत सही होते. पाच हजार आईकडं. चार हजार धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी. दीड हजार मित्राचं उसनं, ते तो तिथंच देऊन टाकतो. उरलेले पाकिटात.

पुढचा सामना गुरुवारी, तोही चारला. आणखी अर्धा दिवस जाणार. तो बाहेर येऊन मामांना फोन लावतो. मामा आधी आजच्या गोलाचं विचारतात.