व्यायामपूर्व शीतन आणि वऱ्हाडातील कोरडा उन्हाळा

वैशाखात परतवाड्याचे तापमान अनेकदा ४० अंश सेल्सियसपलीकडे जाते. हवा त्वचेहून तप्त झाली की शरीर तिला उष्णता देत नाही, तिच्याकडून घेते. उष्मात्यागाचा मुख्य मार्ग म्हणून घामाचे बाष्पीभवन तेवढे उरते. अशा वेळी व्यायामापूर्वीच देहाचे तापमान उतरवून ठेवणे यास पूर्वशीतन म्हणतात.

६० किलोग्रॅम वजनाचा देह १ अंशाने थंड करण्यास सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. अर्धा किलोग्रॅम बर्फाचा चुरा पोटात वितळून देहाच्या तापमानास येईपर्यंत सुमारे ५८ किलोकॅलरी शोषितो. तथापि त्यामुळे घामही कमी सुटतो. कोरड्या हवेत १०० ग्रॅम घाम वाळताना तितकीच उष्णता नेतो. म्हणून घाम तेवढा घटल्यास सारा लाभ नाहीसा होतो. कोकणच्या दमट हवेत बराचसा घाम न वाळताच गळत असल्याने ही हानी अल्प असते.

पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावेसारख्या अल्पकालीन श्रमात तर पूर्वशीतनाचा उपयोग थोडाच. उलट थंड पडलेल्या स्नायूंचा जोर घटतो. सबब वऱ्हाडात पहाटेची वेळ, दहा ते चौदा दिवसांत क्रमाक्रमाने वाढविलेला सराव आणि पुरेसे पाणी यांस प्रथम स्थान द्यावे; बर्फाचा विचार त्यानंतर.