लग्न? आमच्या बागेत!

समोर आंब्याचं झाड, बाजूला तुळशीवृंदावन आणि ‘चार वाजता हॉल रिकामा करा’ म्हणून डोक्यावर उभा राहणारा कार्यालयाचा मॅनेजर नाही. घरच्या बागेत लग्न म्हणजे एकदम झक्कास आयडिया! गेल्या थंडीत माझ्या मामेभावाने ती जाहीर केली तेव्हा आम्ही सगळ्या भावंडांनी टाळ्या पिटल्या. आजोबांनी बांधलेला हा पुण्यातला बंगला लवकरच बिल्डरकडे जाणार आहे. त्यात आजी चौऱ्याऐंशीची, गुडघे पार कामातून गेलेले. विवाह नोंदणी कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ‘नातवाचं लग्न या डोळ्यांनी बघू दे,’ एवढंच तिचं मागणं होतं.

“ताई, तू पत्रकार ना? जरा नियम-बियम बघून ठेव,” भाऊ म्हणाला. बघितले. आणि १४ फेब्रुवारीची तारीख रद्द करावी लागली.

त्याचं असं आहे. वधू-वर दोघंही हिंदू असतील तर बाग, गच्ची, शेत, कुठेही खुशाल लग्न लावा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जागेबद्दल अवाक्षर नाही. कलम ७ म्हणतं, दोघांपैकी एकाच्या रीतीरिवाजाप्रमाणे विधी व्हायला हवेत आणि सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. पण विधी मात्र खरेच करा हं! नुसतं सर्टिफिकेट घेऊन लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत नोंदणीही करायची असते. हनिमूनचे फोटो लावण्याच्या नादात बरेच जण ती विसरतात.

आमची होणारी वहिनी वसईची ख्रिश्चन. धर्म कुणीच बदलणार नव्हतं, त्यामुळे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात आधी नोटीस द्यायची. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. ती नोटीस कार्यालयात लावली जाते, हरकतीसाठी ३० दिवस जातात आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. हे मला कळलं २० जानेवारीला. पत्रिका छापून तयार!

“काही ओळख लावून दिवस कमी होत नाहीत का?” मामांनी विचारलं. नाही होत. कायद्यात तशी सोयच नाही. दुसऱ्याच दिवशी नोटीस दिली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख धरली. त्यानंतर दहा दिवसांनी आजीच्या छातीत कफ झाला आणि तिला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. पाच दिवस. त्या पाच दिवसांत बागेबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. भाऊ मात्र रात्री माझ्याशी फोनवर नुसता दिवस मोजायचा.

दरम्यान एक चांगली बातमी मिळाली. याच कायद्याच्या कलम १२ नुसार लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा वाजवी अंतरावरच्या, वधू-वरांना हव्या त्या ठिकाणी लावता येतं. वेगळी फी भरायची आणि अधिकाऱ्यांची वेळ सांभाळायची. म्हणजे साहेब घरी येऊ शकतात! लंडनच्या मावसभावाला हे ऐकून चक्क हेवा वाटला. इंग्लंडमध्ये जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त हॉटेलांच्या बागेत नोंदणी-लग्नं व्हायला लागली, पण घरच्या परसाला अशी मुभा नव्हती.

आता मांडवाकडे वळू. मांडववाल्याला आंब्याच्या दोन फांद्या आड येत होत्या आणि तो कोयता घेऊनच आला होता. मामींनी वेळेवर अडवलं. झाड आपल्या कंपाउंडमधलं असलं तरी शहरात १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मग मांडवच चार फूट सरकवला. मांडव रस्त्यावर येणार असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी. सोसायटीच्या बागेत लग्न करणार असाल तर आधी कमिटीला गाठा, बाग तुमची एकट्याची नसते.

आवाजाचं काय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी हवी आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तुमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी आवाज त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. ५५ म्हणजे साधारण गप्पांचा आवाज, त्यामुळे डीजेचा बेत आम्ही सोडलाच. ‘घरचीच पार्टी’ म्हणून ग्लास भरणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आहे. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. आमच्याकडे पन्हं होतं. भावाच्या ऑफिसच्या ग्रुपचे चेहरे बघण्यासारखे होते!

मार्चमधल्या त्या सकाळी साहेब अकराला आले. आजी डिस्चार्ज मिळून घरी, शाल पांघरून खुर्चीत. तीन साक्षीदार लागतात. पहिली साक्षीदार आजी, असं भावाने आधीच ठरवून टाकलं होतं. तिचं आधार कार्ड मात्र ऐन वेळी सापडेना. अर्धा तास शोधल्यावर ते देवघरात, पोथीत निघालं.

या लग्नात विधी कुठलाही करा किंवा करू नका, पण एक वाक्य अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणावंच लागतं आणि ते दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत चालतं. त्यांनी मराठीत म्हटलं, ‘मी तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते’, ‘मी तुझा कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो’.

“काय म्हणाले रे? मला नाही ऐकू आलं,” आजी म्हणाली.

साहेब हसले. “पुन्हा म्हणा, जरा मोठ्याने.”

दोघांनी पुन्हा म्हटलं. मग आजीने थरथरत्या हाताने रजिस्टरवर सही केली, पूर्ण नाव लिहून. त्याला तब्बल दोन मिनिटं लागली आणि तोवर मागे जेवणाची पानं वाढायला सुरुवात झाली होती.